सैल बांधा, तिरपे झोपा

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या बऱ्याच कारखान्यांत क्रेनजवळ एक तक्ता लावलेला असतो. वर हुक, हुकातून दोन बाजूंना उतरलेले पट्टे, खाली वजन. चित्र तेच, फक्त कोन बदलत जातो : 60 अंश, 45 अंश, 30 अंश. प्रत्येक चित्राखाली एक आकडा. स्लिंग लावणाऱ्या माणसाला तो पाठच असतो. पट्टा जमिनीशी 60 अंशांत असेल, तर एक टन वजनासाठी प्रत्येक पट्ट्यावर साधारण 580 किलो ताण येतो. 45 अंशांवर तो 700 किलोच्या पुढे जातो. 30 अंशांवर प्रत्येक पट्टा अख्खा एक टन पेलतो. त्याहून आडवा पट्टा लावू नका, असं शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यातच सांगतात.

पवना धरणाच्या काठावर दोन झाडांमध्ये हॅमॉक बांधून झोपणाऱ्याला लागतं ते निम्मं ज्ञान या तक्त्यातच आहे. तक्ता उलटा करायचा, एवढंच. हुकाच्या जागी तुम्ही, आणि पट्टे वर जाऊन झाडांना बांधलेले.

पिंपरी-चिंचवडकरांना डोंगर जवळ. निगडी सोडली, देहूरोड मागे पडलं की तास-दीड तासात लोहगड, विसापूर, पवनेचा काठ. चाकणहून राजगुरुनगरमार्गे गेलं की भीमाशंकरचा घाट. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्यामुळे बुधवारी शिफ्ट सुटली की सॅक पाठीवर टाकून निघणारे पुष्कळ. गेल्या काही वर्षांत त्या सॅकमध्ये तंबूऐवजी पॅराशूटच्या कापडाचा हॅमॉक दिसू लागला आहे. वजनाला हलका, घडी मुठीएवढी, जमीन ओली असो की दगडगोट्यांची, याला फरक पडत नाही. पण पहिल्या रात्रीनंतर बहुतेकांची तक्रार एकच : कंबर धरली, गुडघे दुखले, पाय सरकत राहिले. मग हॅमॉक माळ्यावर जातो. मला याचं वाईट वाटतं, कारण दोष हॅमॉकचा नसतो. बांधताना एक आणि झोपताना एक, अशा दोन चुका होतात. दोन्ही अगदी साहजिक आहेत आणि दोन्ही पाच मिनिटांत सुधारतात.

पहिली चूक म्हणजे ताणून बांधणं. आपल्याला वाटतं, पलंग सपाट असतो, मग हॅमॉकही जितका ताठ तितका सपाट होईल. म्हणून एक जण पट्टा खेचतो, दुसरा गाठ मारतो. आता तक्त्याकडे या. 75 किलोचा माणूस आणि पट्टा 30 अंशांवर असेल, तर प्रत्येक झाडाकडे 75 किलोचा ताण जातो. तोच पट्टा 10 अंशांवर आणला, तर ताण सव्वादोनशे किलोच्या आसपास पोचतो. 5 अंशांवर तो चारशेच्या वर जातो. हे फक्त शांत पडून राहिल्यावरचे आकडे. धपकन बसलात की क्षणभर याच्या दुप्पटही होऊ शकतात. एवढं करून सपाटपणा मिळतो का? मिळत नाही. कापडाच्या दोन्ही कडा तारेसारख्या ताठ होऊन खांद्यांना आत दाबतात, कापड अंगाला आवळून घेतं, आणि जरा कूस बदलली की अख्खा हॅमॉक पालथा व्हायला बघतो. मालावर ताडपत्री आवळताना वापरतात तो रॅचेटचा पट्टा काही जण हौसेनं घेऊन येतात. पट्टा उत्तम, रुंद पॉलिस्टरचा. पण रॅचेटचं कामच मुळी ताणायचं, आणि इथे तेच करायचं नाही.

म्हणून नियम : पट्टा जमिनीशी साधारण 30 अंश ठेवायचा. मोजायला हाताचा पंजा पुरतो. तर्जनी झाडाकडून हॅमॉककडे आडवी धरा आणि अंगठा काटकोनात वर करा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरपी रेघ कल्पनेत निघते, ती जवळपास 30 अंशांची असते. पट्टा त्या रेघेला समांतर उतरत असेल तर काम झालं. मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप पट्ट्याला टेकवूनही कोन कळतो. हे सगळं कोणीतरी आत बसलेलं असताना तपासायचं, कारण रिकामा हॅमॉक फसवतो. वजन पडलं की पट्टा लांबतो, गाठी घट्ट होतात आणि सगळं वीतभर खाली येतं.

उंचीचा हिशेबही यातूनच निघतो. साधारण 3 मीटर लांबीचा हॅमॉक, दोन झाडांत 4 मीटर अंतर, आणि मधला भाग खुर्चीएवढ्या उंचीवर यायला हवा, तर पट्टा खोडाला साडेपाच फुटांच्या आसपास बांधावा लागतो. अंतर 5 मीटर असेल तर साडेसहा फुटांवर. नवखी माणसं कमरेएवढ्या उंचीवर बांधतात आणि मग जमिनीला टेकू नये म्हणून ताणत बसतात. पहिल्या चुकीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

ज्यांना दर वेळी कोन मोजायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी एक चांगली युक्ती आहे. हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये, वरच्या बाजूनं, न ताणणारी एक बारीक दोरी कायमची बांधून ठेवायची. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या 83 टक्के. म्हणजे 3 मीटरच्या हॅमॉकला अडीच मीटर दोरी. मग झाडं जवळ असोत की लांब, हॅमॉकचा झोळ दर रात्री तोच राहतो. दोरी अगदी सैल लोंबत असेल तर झोळ जास्त झालाय, आणि बोटानं दाबूनही हलत नसेल तर पट्टे फार ताणलेत. चिमटीत धरून थोडी वाकवता आली की बरोबर. या दोरीवर रात्री चष्मा, टॉर्च, मोजे अडकवता येतात, हा वरचा फायदा.

आता दुसरी चूक, म्हणजे सरळ झोपणं. सैल बांधलेल्या हॅमॉकमध्ये मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पडलं की शरीराचा केळ्यासारखा बाक होतो. डोकं वर, पाय वर, ढुंगण सगळ्यांत खाली. कंबरेचे मणके तासन्‌तास वाकलेले राहतात आणि गुडघे उलट्या दिशेनं ताणले जातात. म्हणूनच लोक ताणून बांधण्याकडे वळतात, आणि पहिली चूक दुसरीतून जन्म घेते.

उपाय तिरपं झोपण्याचा आहे. आधी हॅमॉकच्या बरोबर मध्यावर, एका बाजूला पाय सोडून बसायचं. पाठीमागे टेकत पाय आत घ्यायचे. मग दोन्ही पाय मधल्या रेषेपासून हातभर उजवीकडे न्यायचे आणि डोकं-खांदे तेवढेच डावीकडे. कोणाला उलटी बाजू बरी वाटते, तशी करून बघावी. शरीर आता मधल्या रेषेशी 20 ते 30 अंशांचा कोन करून पडलेलं असतं. हे करतानाच फरक जाणवतो. खांदे मोकळे होतात, कंबर खाली टेकते, पाय उतरतात आणि पाठीखालचं कापड पसरून जवळजवळ सपाट होतं.

असं का होतं? हॅमॉकचं कापड दोन्ही टोकांना चुण्या घालून एकत्र बांधलेलं असतं. ताण त्या एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत कापडातून धावतो. मधोमध झोपलं की डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर ताणाच्या एकाच पट्टीवर येतं आणि त्या पट्टीचा जो बाक, तोच पाठीचा बाक होतो. तिरपं झोपलं की शरीर अनेक पट्ट्या आडवं ओलांडतं. डोकं एका कडेच्या सैल कापडावर, पाय दुसऱ्या कडेच्या. तिथलं कापड वजनानं बाहेर आणि खाली सरतं, म्हणून डोकं आणि पाय खाली येतात. पाठीचं वजनही एका रेषेवर न राहता रुंद कापडावर वाटलं जातं. हे घडायला कापडात झोळ असावा लागतो. ताणलेल्या हॅमॉकमध्ये तिरपं झोपायला जागाच नसते. तक्त्यावरचा 30 अंशांचा कोन आणि अंथरुणातला तिरपेपणा एकमेकांवर अवलंबून आहेत. एक चुकला की दुसरा जमत नाही.

म्हणूनच विकत घेताना लांबी बघावी. बाजारात दोघांचा म्हणून विकला जाणारा हॅमॉक बहुधा रुंदीला जास्त असतो, पण झोप लांबीवर ठरते. पाच-साडेपाच फुटी माणसाला 3 मीटर चालतो. सहा फुटी माणसानं 11 फुटी, म्हणजे 3.35 मीटरचा घ्यावा. आखूड हॅमॉकमध्ये तिरपं झोपलं की मधल्या रेषेवरची ताठ कड पोटऱ्यांखाली येते आणि मध्यरात्रीपर्यंत पाय बधिर होतात.

तिरपं झोपूनही गुडघे दुखत असतील तर त्यांच्याखाली गुंडाळलेला स्वेटर ठेवावा. गुडघा किंचित वाकला की मागच्या शिरांचा ताण जातो. उशी मोठी नको. हॅमॉक डोकं आधीच थोडं उचलून धरतो, त्यावर घरची उशी आली की हनुवटी छातीला लागते. मानेच्या पोकळीत बसेल एवढी टॉवेलची गुंडाळी पुरते. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : पायाकडचा पट्टा डोक्याकडच्यापेक्षा वीतभर, म्हणजे 20-25 सेंटिमीटर उंच बांधावा. धड पायांपेक्षा जड असल्यामुळे सारख्या उंचीवर बांधलेल्या हॅमॉकमध्ये माणूस रात्रभर पायांकडे घसरत राहतो. कुशीवर झोपणाऱ्यांना पाय पोटाशी घेऊन छान झोपता येतं. पालथं झोपायची सवय असलेल्यांना मात्र हॅमॉक मानवत नाही, हे मान्य करावं.

अशा झोपण्याचा इतिहास मोठा आहे. 1492 च्या ऑक्टोबरात कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसं सुताच्या जाळीत झोपताना त्यानं पाहिली. युरोपच्या जहाजांनी ती कल्पना उचलली आणि 1597 मध्ये इंग्लंडच्या आरमारानं खलाशांसाठी कापडी हॅमॉक अधिकृतपणे घेतले. पण जहाजावर जागा कसली? पुढे एका खलाशाच्या वाट्याला हॅमॉक टांगायला 14 इंच रुंदी येई. अर्धे खलाशी पहाऱ्यावर असत, म्हणून शेजारची रिकामी जागा धरून ती 28 इंच होई. तिथे तिरपं झोपणं शक्यच नव्हतं. त्यांनी वेगळा मार्ग काढला : कापडाच्या टोकांना चुण्या न घालता एकेका भोकातून वेगळी दोरी काढून ती वर कडीत एकत्र आणायची, म्हणजे कापड टोकालाही पसरलेलं राहतं. आपल्याकडे लुगड्याच्या झोळीत बाळ दाबलं जाऊ नये म्हणून कापडाच्या कडा लांब ठेवणारी आडवी काठी घालतात, त्यामागेही हाच विचार. मात्र मोठ्या माणसांसाठी मिळणारे दोन्ही टोकांना लाकडी दांडी असलेले हॅमॉक रात्रीच्या झोपेसाठी मी सुचवणार नाही. दांडीमुळे कापड सपाट होतं खरं, पण झोपणारा उंच आणि अस्थिर राहतो. झोपेत वळला की खाली.

मावळातल्या थंडीत हॅमॉकमध्ये कुडकुडत रात्र काढणारे पुष्कळ भेटतात, आणि चांगली स्लीपिंग बॅग असूनही असं का झालं, हे त्यांना कळत नाही. ऊब कापूस किंवा फायबर देत नाही, त्यात अडकलेली हवा देते. अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा उरतच नाही. जमिनीवर हे फारसं जाणवत नाही, कारण खाली कॅरीमॅट असते आणि वारा नसतो. हॅमॉकखालून मात्र रात्रभर वारा वाहतो आणि पाठीची ऊब घेऊन जातो. पुण्यात पारा 10 अंशांखाली जातो त्या रात्री सोडाच, एरवीच्या गार रात्रीही पाठ थंड पडते. कॅरीमॅट आत घातली तर काम भागतं, पण ती तिरपी ठेवावी लागते आणि सरकते. याहून सरस उपाय आपल्या घरात आहे : गोधडी. तिच्या चार टोकांना नाड्या लावून ती हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला, पाठीला लागेल न लागेल अशी टांगायची. अंगाचं वजन तिच्यावर येत नाही, म्हणून तिच्या थरांतली हवा शाबूत राहते. याच कामाची महागडी रजई बाजारात मिळते. ती हलकी असते, एवढा तिचा फायदा. जुन्या लुगड्यांची गोधडी जड, पण गाडी काठापर्यंत जात असेल तर वजनाचं काय? डासांचाही बंदोबस्त होतो. पातळ नायलॉनमधून डास पाठीला सहज चावतात, गोधडीतून नाही.

बांधायचं कशाला, हे त्याआधी ठरवायला हवं. आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा ही भरवशाची झाडं. खोड निदान वीतभर जाडीचं हवं. शेवगा आणि पांगारा ठिसूळ, त्यांना हात लावू नये. गुलमोहराच्या फांद्या वाऱ्यात तुटतात, आणि निलगिरीच्या फांद्या वारा नसतानाही पडतात. बांधण्याआधी मान वर करून वाळकी फांदी लटकत नाही ना, हे बघायलाच हवं. सुतळी किंवा बारीक नायलॉन दोरी सालीत रुतते आणि झाडाला जखम करते. इंचभर किंवा त्याहून रुंद पॉलिस्टरचा पट्टा वापरावा. नायलॉनचा पट्टा ताणतो, दवानं भिजला की आणखी. संध्याकाळी नीट बांधलेला माणूस पहाटे जमिनीला टेकलेला असतो. कारखान्यातून बाद केलेली वेबिंग स्लिंग मिळते म्हणून ती घेऊन येणारे असतात. जांभळी म्हणजे एक टनाची, हिरवी दोन टनाची, त्यामुळे बळ भरपूर असेल असं वाटतं. पण ती बाद का झाली, हे आधी बघा. चीर, तेल, रसायनाचा डाग, उन्हानं विटलेला रंग, यांतलं काही असेल तर ती माणसाच्या वजनाला वापरू नये.

भीमाशंकर अभयारण्य 1985 पासून संरक्षित आहे. ते शेकरूचं घर, आणि शेकरूची घरटी झाडांच्या शेंड्यांतच असतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे मुक्काम करू नये. देवराईतल्या झाडांना पट्टा बांधू नये, गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथली काटकीही उचललेली नाही. आणि लोहगडासारख्या संरक्षित किल्ल्यावर जुन्या दगडी खांबांना किंवा कमानीला तर कधीच नाही. खांब वरून येणारा भार पेलायला रचलेले असतात. हॅमॉक त्यांना आडवं खेचतो.

हेच घरालाही लागू पडतं, आणि वाकड-रावेतच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावं. झोपाळ्याच्या कड्या स्लॅबमध्ये असतात आणि त्यांच्यावर ओढ सरळ खाली येते. 75 किलोचा माणूस 30 अंशांवर बांधलेल्या हॅमॉकमध्ये झोपला, तर प्रत्येक टोकाला आडवी ओढ सुमारे 65 किलोची असते. बाल्कनीतली विटांची अर्धी भिंत, गॅलरीचा सुटा खांब किंवा पोकळ हलक्या ब्लॉकमध्ये ठोकलेला फास्टनर हे पेलेल, असं धरून चालू नये. असे खांब कोसळून अनेक देशांत माणसं, विशेषतः मुलं, गेली आहेत. आरसीसीच्या कॉलममध्ये जाणत्या माणसाकडून अँकर बसवून घेता येत असेल तरच बांधावा. नाहीतर लोखंडी स्टँड घ्यावा.

महामार्गावर उभ्या ट्रेलरखाली झोळी बांधून झोपलेला ड्रायव्हर किंवा क्लीनर अनेकांनी पाहिला असेल. सावली असते, वारा असतो, जमिनीची धग लागत नाही. त्याची थकलेली झोप मला समजते. पण हँडब्रेक सुटला, किंवा खाली कोणी आहे हे न बघता दुसऱ्यानं गाडी हलवली, तर वाचायला वेळ मिळत नाही. झाड असेल तर झाडच बरं. चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रकांना थांबायला सावलीची जागा नाही, हे खरं दुखणं आहे आणि ते सोडवणं ड्रायव्हरच्या हातात नाही.

रात्रपाळी करून म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या खोल्यांत दिवसा झोपायचा प्रयत्न करणाऱ्यांना झुलण्याचा काही उपयोग होईल का? जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये 12 पुरुषांना 45 मिनिटांच्या दुपारच्या डुलकीसाठी हळू झुलणाऱ्या पलंगावर झोपवलं. स्थिर पलंगापेक्षा त्यांना लवकर झोप लागली आणि हलक्या झोपेतून गाढ झोपेकडे ती लवकर सरकली. 2019 मध्ये 18 जणांवर पूर्ण रात्रीचा प्रयोग झाला, त्यातही गाढ झोप वाढलेली दिसली. त्याच सुमारास लोझान विद्यापीठातल्या उंदरांवरच्या प्रयोगातून कळलं की, यामागे कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव आहे. पण हे आकडे हॅमॉकला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्या पलंगाचा एक झोका चार सेकंदांचा होता आणि यंत्र तो रात्रभर देत राही. हॅमॉकचा झोका लंबकाच्या नियमानं दोन-सव्वादोन सेकंदांत पुरा होतो आणि थोड्या वेळात थांबतो. झोप लागायला तो मदत करेल, पुढची झोप कापडाच्या सपाटपणावर अवलंबून.

म्हणून पहिला प्रयोग रात्री डोंगरात करू नये. सुट्टीच्या दुपारी, घराजवळच्या आंब्याखाली, परवानगी घेऊन करावा. पाऊण तास पडून राहावं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. खांदे दाबले जात असतील तर पट्टे सैल करावेत. पायांकडे घसरत असाल तर पायाकडचा पट्टा एक कडी वर घ्यावा. पोटरीखाली ताठ कड टोचत असेल तर पाय आणखी बाहेर न्यावेत. आणि एवढं करूनही टोचतच असेल तर हॅमॉक तुम्हाला आखूड आहे, तो तुमच्याहून बुटक्या मित्राला देऊन लांब घ्यावा.